पंगतीतून उठलेला पेत्र

(दिंडीच्या शताब्दी वर्षातील नामसप्ताहात, सायंकाळच्या हरिपाठानंतर एका निवृत्त ख्रिस्ती शिक्षकांनी केलेले भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



  

या सप्ताहात मोठमोठे कीर्तनकार येऊन गेले. नारदाच्या गादीवर उभं राहण्याचा माझा अधिकार नाही, म्हणून मी इथं बाजूला उभा राहून बोलतो. चालकांनी मला फोन केला तेव्हा म्हणाले, "सर, दंभ या विषयावर बोला. आमच्या संतांनी काय सांगितलं ते आम्हाला पाठ आहे. तुमच्या शास्त्रात काय सांगितलंय ते ऐकू द्या." मी हो म्हणालो खरा, पण फोन ठेवल्यावर घाम फुटला. कारण या विषयावर बोलायचं तर दुसऱ्याचं सांगून भागत नाही, स्वतःचंही सांगावं लागतं. आणि माझं जे सांगण्यासारखं आहे, त्याचा या दिंडीशी संबंध आहे. ते शेवटी सांगतो. आधी शास्त्रातलं.

आमच्या नव्या करारात येशूच्या तोंडी 'ढोंगी' हा शब्द पुष्कळदा येतो. मूळ ग्रंथ ग्रीक भाषेत आहे आणि त्या भाषेत तो शब्द नाटकातल्या नटासाठी वापरत. त्या काळचे नट तोंडावर मुखवटा बांधून रंगमंचावर येत. एकच नट राजा होई, मुखवटा बदलला की तोच दूत होई. म्हणजे ढोंगी कोण, तर देवापुढं उभा राहून नाटक करणारा.

इथं एक गोष्ट मात्र नीट समजून घेतली पाहिजे. सोंग आणि ढोंग यांत फरक आहे. भारुडात आपला गडी लुगडं नेसून येतो, जोगवा मागतो, सासूची गाऱ्हाणी सांगतो. आपण पोट धरून हसतो. त्याच्या मिशा आपल्याला दिसत असतात आणि आपल्याला दिसतात हे त्यालाही ठाऊक असतं. नाथमहाराजांनी किती सोंगं घेतली, पण त्यांना कोणी ढोंगी म्हणालं नाही. कारण सोंगाआडून ते खरं तेच सांगत होते. बहुरूपी दारात येतो तोसुद्धा शेवटी हात पुढं करून आपण कोण ते सांगतो. सोंग घेणारा लपवत नाही. ढोंग करणारा मुखवटा घालतो आणि हाच माझा चेहरा म्हणून शपथ घेतो. पुढं पुढं तर त्यालाही तसंच वाटायला लागतं, आणि तिथंच खरा धोका आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात, येशूनं तीन गोष्टी सांगितल्या आहेत. दान, प्रार्थना आणि उपवास. तिन्ही चांगल्याच. तुमच्याकडं आहेत, आमच्याकडं आहेत. तो म्हणतो, दान करताना पुढं तुतारी वाजवू नका. प्रार्थना करायची तर आतल्या खोलीत जा आणि दार लावून घ्या. उपवास धरला तर तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, म्हणजे उपवास आहे हे लोकांना कळायचं नाही. कारण लोकांनी वाहवा केली की त्या दानाचं फळ तिथंच मिळालं. हिशेब मिटला. देवाकडं जमा काही राहिलं नाही.

आता मी आमच्या चर्चमध्ये जातो तर बाकाच्या पाठीवर नाव, घड्याळावर नाव. तुमच्या देवळात येतो तर पंख्याच्या तिन्ही पात्यांवर नाव! पंखा फिरायला लागला की ते नाव दिसत नाही, म्हणून देणारा मनातून म्हणत असेल, जरा हळू फिरवा. (हशा) हसू नका, माऊली. आमच्या चर्चच्या एका बाकावर माझ्या घराण्याचंही नाव आहे. रंगारी आला तेव्हा अक्षर ठळक काढ म्हणून सांगणारा मीच होतो.

मग कोणी विचारील, सर, दार लावून प्रार्थना करा म्हणणाऱ्या तुमच्या येशूला आमची वारी कशी वाटली असती? लाखो माणसं, टाळ, पताका, भर रस्त्यात भजन. याचं उत्तर शुभवर्तमानातच आहे. येशू स्वतः वारकऱ्याच्या घरातला होता. लूकानं लिहिलंय, त्याचे आईवडील दरसाल वल्हांडण सणाला यरुशलेमेस जात. नासरेथहून यरुशलेम शंभर किलोमीटरच्या वर आहे, आणि ही वाट पायी. नातलग, गाववाले, सगळ्यांचा तांडा मिळून निघायचा. त्या वाटेवर म्हणायची म्हणून परंपरेनं मानलेली पंधरा स्तोत्रं आमच्या पवित्र शास्त्रात आहेत. येशू बारा वर्षांचा असताना अशाच एका वारीतून परतताना मागं राहिला. आईला वाटलं बापाबरोबर असेल, बापाला वाटलं आईबरोबर असेल, नाहीतर असेल तांड्यात कुठंतरी. दिवसभराची मजल झाल्यावर शोधाशोध सुरू झाली. दिंडीत पोर चुकलं म्हणजे काय होतं ते इथल्या बायांना सांगायला नको.

तेव्हा चारचौघांत देवाचं नाव घेण्याला त्याची हरकत नव्हती. त्याचा प्रश्न एवढाच, की तू हे कोणासाठी करतोस? वारीचा मोठेपणा मला वाटतो तो हा, की तिथं सगळेच चालत असतात. बघणारा असा वेगळा कोणी उरत नाही. ज्याच्या पाया पडावं तो आपल्याच पाया पडतो. ज्या दिवशी आपण चालणारे कमी आणि दाखवणारे जास्त होऊ, त्या दिवशी टाळ तोच राहील, पण वारी राहणार नाही. आमच्या रविवारच्या उपासनेलाही हेच लागू आहे.

लूकाच्या अठराव्या अध्यायात एक दाखला आहे. दोन माणसं मंदिरात प्रार्थनेला गेली. एक परूशी, म्हणजे नेमधर्म कडक पाळणारा. दुसरा जकातदार, रोमी सरकारसाठी आपल्याच लोकांकडून कर उकळणारा, लोकांच्या नजरेतून उतरलेला. परूशानं देवाचे आभार मानले, की मी इतरांसारखा लुबाडणारा नाही, या जकातदारासारखा तर नाहीच. आठवड्यातून दोन उपवास करतो, उत्पन्नाचा दहावा भाग देतो. जकातदार लांब उभा राहिला, मान वर केली नाही, ऊर बडवून घेतला आणि मी पापी आहे, दया कर, एवढंच म्हणाला. येशू म्हणतो, देवाच्या लेखी नीतिमान ठरून घरी गेला तो हा दुसरा.

माऊली, यात एक गोष्ट आम्हा ख्रिस्ती लोकांच्याही लक्षात लवकर येत नाही. परूशी खोटं बोलत नव्हता! तो खरंच उपवास करत होता, खरंच दहावा भाग देत होता. त्याच्या बोलण्यात एकही शब्द खोटा नसेल. मग चूक कुठं? तो देवापुढं उभा होता, पण बघत होता बाजूच्या माणसाकडं. दुसरा कमी आहे म्हणून मी जास्त, असा त्याचा हिशेब. दंभाला खोटं बोलावंच लागतं असं नाही. खऱ्या गोष्टींचाही मुखवटा करता येतो.

आणि हा दाखला ऐकल्यावर आपण काय करतो? मी कैकदा केलंय. मनातल्या मनात म्हणतो, देवा, बरं झालं मी त्या परूशासारखा नाही. झालं! म्हणजे तोच मुखवटा, फक्त रंग बदललेला.

आता ज्याच्यासाठी मी उभा राहिलो, ती गोष्ट. ती पेत्राची आहे.

पेत्र हा येशूच्या शिष्यांतला पुढारी. जातीनं कोळी, म्हणजे मासे धरणारा. मनानं मोकळा, बोलायला पुढं आणि घाबरायलाही पुढं. येशूला पकडलं त्या रात्री अंगणात शेकोटीपाशी एका दासीनं विचारलं, तूही त्याच्याबरोबरचा ना? पेत्र नाही म्हणाला. असं तीनदा झालं. मग कोंबडा आरवला आणि तो बाहेर जाऊन ढसाढसा रडला. ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. पण पेत्र पुन्हा एकदा तसाच घसरला, ते फार लोकांना माहीत नसतं.

यहुदी लोकांत परराष्ट्रीयांबरोबर जेवायचं नाही असा दंडक होता. आपल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. रोटीव्यवहार म्हटलं की आपल्याला सगळं कळतं. प्रेषितांच्या कृत्यांमध्ये दहाव्या अध्यायात लिहिलंय, पेत्र यापो गावी माडीवर प्रार्थनेला बसला होता. दुपारची वेळ, पोटात भूक. त्याला दृष्टांत झाला. आकाशातून मोठी चादर उतरली, तिच्यात तऱ्हेतऱ्हेचे पशुपक्षी, आणि वाणी झाली की मारून खा. पेत्र म्हणाला, मी कधी विटाळलेलं खाल्लेलं नाही. वाणी म्हणाली, देवानं जे शुद्ध केलं त्याला तू विटाळ म्हणू नकोस. असं तीन वेळा झालं. त्यानंतर पेत्र कैसरियाला कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीच्या घरी गेला, त्याच्या घरच्यांना बाप्तिस्मा मिळाला, आणि पेत्र तिथं राहिलाही. म्हणजे देवापुढं माणूस सारखा, हे त्याला पटलं होतं. नुसतं पटलं नव्हतं, त्यानं ते करूनही दाखवलं होतं.

पुढं तो अंत्युखियाला आला. हे गाव आज तुर्कस्तानात आहे. येशूच्या शिष्यांना 'ख्रिस्ती' हे नाव पहिल्यांदा पडलं ते याच गावात. तिथं यहुदी आणि परराष्ट्रीय एका पंगतीला बसत. पेत्रही बसे. मग एक दिवस यरुशलेमेहून, याकोबाकडून, काही जुन्या वळणाची मंडळी आली. ते काय म्हणतील या भीतीनं पेत्र हळूहळू मागं सरकला आणि वेगळा बसायला लागला. त्याचं पाहून बाकीचे यहुदी उठले. बर्णबासारखा भला माणूससुद्धा उठला. तेव्हा पौलानं सगळ्यांसमक्ष पेत्राला तोंडावर सुनावलं. ही हकिकत पौलानं गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात, दुसऱ्या अध्यायात आहे. आणि तिथं या वागण्याला पौल जो शब्द वापरतो तो तोच आहे, नटाचा. ढोंग.

विचार करा, माऊली. पेत्रानं काही जास्तीचा देखावा केला नव्हता. गंध लावलं नाही, तुतारी वाजवली नाही. तो फक्त ताटावरून उठला. कदाचित म्हणालाही असेल, आज भूक नाही, पोट बरं नाही. तरी पौल त्याला ढोंग म्हणतो. कारण त्याच्या मनात एक होतं आणि पाय दुसरीकडं वळले. आणि पाय वळले ते भीतीनं. मंडळी काय म्हणतील.

हे वाचल्यापासून मला दंभाचा अर्थ वेगळा कळला. आपण समजतो दांभिक माणूस म्हणजे लबाड, पैसे खाणारा, बुवाबाजी करणारा. तसे असतातच. पण आपल्यासारख्या साध्या माणसाचा दंभ लबाडीतून येत नाही, तो भीतीतून येतो. देवाच्या डोळ्यांपेक्षा शेजाऱ्याचे डोळे मोठे वाटायला लागतात. मग देवाला आपण थोडा वेळ थांब म्हणतो, पाहुणे गेले की तुझ्याकडं येतो.

आपल्याकडं या पंगतीची गोष्ट काय कमी घडली? चोखोबारायांची समाधी महाद्वारासमोर आहे आणि त्यांच्या माणसांना मंदिरात जायला १९४७ साल उजाडावं लागलं. त्यासाठी साने गुरुजींना पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं. संतांची वाणी शेकडो वर्षं पाठ होती, पण पाय उंबऱ्याशी अडत होते. आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीत सगळं स्वच्छ होतं असं समजू नका. बाप्तिस्मा एकाच पाण्याचा, प्रभुभोजनाची भाकर एकच, पण सोयरीक जमवायची वेळ आली की मूळ कुठलं, पूर्वीचे कोण, ही चौकशी आमच्यातही होते. मी स्वतः ती केलेली आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्या सगळ्यांना 'फुलांमुलांचे कवी' म्हणून शाळेपासून ठाऊक आहेत. चित्पावन ब्राह्मण घरातला हा माणूस १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाला. तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडं आलो, अशा अर्थाचं ते बोलत. मनातून ख्रिस्ती आणि वरून जसेच्या तसे, असं त्यांना राहता आलं असतं. घर मोडलं नसतं, नातलग तुटले नसते. ते त्यांनी केलं नाही. पुढं मिशनच्या आश्रयात राहूनही त्यांना टोचणी लागली, की आपला ख्रिस्त परदेशी कपड्यात का? म्हणून त्यांनी अभंग लिहिले, कीर्तनं केली, आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. १९१९ मध्ये ते गेले.

पण मला जास्त शिकवलं ते त्यांच्या पत्नीनं, लक्ष्मीबाईंनी. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्या झाल्या नाहीत. त्यांचा बाप्तिस्मा पाच वर्षांनी, १९०० मध्ये झाला. त्यांच्या वडिलांचं सोवळ्याचं वेड 'स्मृतिचित्रे'त वाचलं की हसूही येतं आणि अंगावर काटाही येतो. त्या वळणात वाढलेली ही बाई नवऱ्याकडं परत आली तरी स्वतःचं सोवळं सांभाळून राहिली. मला पटलं नाही तर करणार नाही, असं तिचं चोख होतं. जात माणसानं केली की देवानं, हा विचार तिनं स्वतःच्या डोक्यानं केला, आणि पटल्यावर कोणाच्याही हातचं खायला-प्यायला सुरुवात केली. बाप्तिस्मा त्यानंतर. आधी पंगत, मग पाणी. आणि हे सगळं लिहिताना तिनं आपला मूर्खपणा, नवऱ्याचा राग, घरातली भांडणं, काही लपवलं नाही. ख्रिस्ती माणसानं साक्ष कशी द्यावी हे मी त्या पुस्तकातून शिकलो. पण शिकलो उशिरा.

आता माझं सांगतो.

१९७९ सालची गोष्ट. मला तालुक्याच्या गावी हायस्कुलात नोकरी लागली. आमचं मूळ घर गावकुसाबाहेरचं, आजोबांच्या वेळी ख्रिस्ती झालेलं. वडील शेतमजुरी करायचे आणि रविवारी मंडळीत पेटी वाजवायचे. टिळकांची पदं त्यांना तोंडपाठ. आडनाव आमचं असं, की त्यावरून काही कळत नाही. खोली शोधत एका वाड्यात गेलो. मालकीणबाई म्हाताऱ्या, गळ्यात माळ, कपाळाला बुक्का. त्यांनी नाव विचारलं, गाव विचारलं, आणि म्हणाल्या, "आपल्यातलेच ना, मास्तर?" मी म्हणालो, "हो."

एक अक्षर. पण त्या एका अक्षराला सांभाळण्यासाठी मला दीड वर्ष रोज नवं काहीतरी करावं लागलं. पवित्र शास्त्र पेटीत तळाला, कपड्यांखाली. एकादशीला आजी खिचडीची ताटली आणून देत, "उपास असंल ना?" मी मान डोलवायचो. रविवारी शिकवणी आहे सांगून दुसऱ्या गावच्या चर्चला जायचो. आणि तिथं, माऊली, मी उभा राहून मोठ्यानं प्रार्थना करायचो. शब्द चांगले होते, मराठीचा मास्तर ना! प्रभू, तुझ्या नावाची लाज वाटू देऊ नकोस, असं म्हणायचो. बाया डोळे पुसायच्या. पाळक म्हणायचे, असे तरुण पाहिजेत.

एकदा वडील मला भेटायला आले. हातात भाकरीचं गाठोडं, खांद्याला झोळी, झोळीत पवित्र शास्त्र आणि गीतांचं पुस्तक. मी त्यांना खोलीवर नेलं नाही. एसटी स्टँडवरच्या हॉटेलात चहा पाजला. ते म्हणाले, "खोली लांब हाय का?" मी म्हणालो, "लांबच आहे, आणि वाड्यात आज पाहुणे आहेत." त्यांनी माझ्याकडं बघितलं. काही बोलले नाहीत. गाठोडं माझ्या हातात दिलं आणि परतीच्या गाडीत बसले. खोली स्टँडपासून पाच मिनिटांवर होती. पेत्राला निदान कोंबडा तरी आरवला. मी त्या संध्याकाळी त्याच भाकरी खाल्ल्या आणि झोपलो.

त्यानंतर महिनाभरानं आजींनी मला हाक मारली. एरवी 'मास्तर, तुम्ही' म्हणणाऱ्या आजी त्या दिवशी एकेरीवर आल्या. म्हणाल्या, "लेकरा, मला वरीस झालं ठावं हाय. नाताळात पोस्टमन तुझं कार्ड माझ्या हातात देऊन गेला. उघडंच व्हतं. मी काय बोलले न्हाई, म्हटलं आज सांगंल, उद्या सांगंल. परवा स्टँडावरचा हमाल म्हनला, मास्तरचा बाप आला व्हता, तिथूनच गेला. बापाला दारातून न्हाई, स्टँडावरून लावलास व्हय?"

मी खाली मान घालून उभा. मग त्या म्हणाल्या ते मी आजतागायत विसरलो नाही. "मला फसिवलंस ते फसिवलंस. तुझ्या देवाला काय सांगत व्हतास?"

थोड्या वेळानं त्याच पुन्हा म्हणाल्या, "पर माझंबी चुकलं. आपल्यातले का म्हनून मीच इचारलं. तसं इचारलं नसतं तर तुला खोटं बोलावं लागलं नसतं. पांडुरंग मलाबी इचारंल." आणि म्हणाल्या, "पुढल्या रविवारी बापाला जेवायला घेऊन ये."

वडील आले. ओट्यावर नाही, स्वयंपाकघरात पाट मांडला होता. जेवणाआधी वडील घुटमळले तेव्हा आजीच म्हणाल्या, "तुमचं काय असंल ते म्हना, आमी थांबतो." वडिलांनी डोळे मिटून आभार मानले. जेवल्यावर टिळकांचा एक अभंग म्हटला. आजी टाळी वाजवत ऐकत होत्या. संपल्यावर विचारलं, "ह्यो कुन्या संताचा?"

त्या आजी वीसेक वर्षं याच दिंडीत चालल्या. इथल्या जुन्या माणसांना त्या आठवत असतील. नाव घेत नाही, त्यांना आवडलं नसतं. माझ्यापुढं पौल होऊन उभी राहिली ती माझ्या मंडळीतली नव्हती, तुमच्या दिंडीतली माळकरी बाई होती. म्हणून चालकांचा फोन आला तेव्हा मला नाही म्हणता आलं नाही.

पौलानं सुनावल्यावर पेत्र काय म्हणाला, ते पत्रात लिहिलेलं नाही. पण पेत्राच्या नावानं असलेल्या दुसऱ्या पत्रात पौलाचा उल्लेख प्रिय बंधू असा आहे. ज्यानं चारचौघांत चूक दाखवली त्याला बंधू म्हणणं सोपं नाही. मलाही आजींचा राग आला होता, खोटं कशाला सांगू. दोन दिवस मी दुसरी खोली शोधत होतो.

यावरून मी दोन गोष्टी धरल्या, त्या सांगून थांबतो.

पहिली. देवापुढं खरं होणं म्हणजे सगळं सगळ्यांना सांगत सुटणं नव्हे. कोणाच्या जिवावर बेतलं असेल तर त्याला लपावं लागतं, त्याला ढोंगी म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही. माझ्या जिवावर काही बेतलं नव्हतं, मला फक्त खोली हवी होती. आणि 'मी हा असा आहे, बघा' म्हणून आपल्या चुका मिरवणं, हाही एक मुखवटाच. खरं होण्याची सुरुवात दार लावलेल्या खोलीत होते. तिथं चांगले शब्द लागत नाहीत. आज मी कोणाला भिऊन काय केलं, एवढं एक वाक्य देवापुढं रोज बोलायचं. मी ते रात्री बोलतो. काही रात्री जड जातं. पण ते बोलल्याशिवाय केलेली माझी प्रार्थना दुसऱ्या कोणाला ऐकवण्यासाठीच असते, हे मला कळून चुकलंय.

दुसरी. एकट्यानं मुखवटा निघत नाही. पाठीमागं त्याची गाठ असते आणि आपला हात पोचत नाही. कोणीतरी आपलं माणूस लागतं, तोंडावर सांगणारं, आणि सांगून झाल्यावर पाट मांडणारं. नुसतं सुनावणारे पुष्कळ भेटतात. पौलाचं भांडण कशासाठी होतं? पेत्राला खाली पाहायला लावण्यासाठी नव्हतं. ज्या ताटावरून तो उठला होता, त्या ताटावर त्यानं परत बसावं यासाठी होतं. आणि आजींसारखं आपणही स्वतःला विचारावं, की माझ्या कुठल्या प्रश्नामुळं समोरच्याला खोटं बोलावं लागतंय? आपल्या दिंडीत, आमच्या मंडळीत, असा प्रश्न आजही कोणी कोणाला विचारत नाही ना?

दिंडीला शंभर वर्षं झाली. विणा खाली ठेवला गेला नाही, म्हणून आपण अभिमान धरतो, तो धरावाच. माझं मागणं एवढंच, की पंगतीतून कोणी उठून गेलं असेल, किंवा आपण कोणाला बसूच दिलं नसेल, तर पुढच्या वारीच्या आधी त्याच्या घरी जाऊन यावं.

माझे वडील १९९६ साली गेले. स्टँडवरच्या त्या दिवसाबद्दल मी त्यांची क्षमा मागितली होती. ते म्हणाले, "खोली जवळ हाय हे मला त्याच दिवशी समजलं व्हतं. तुझ्या चपला धुळीच्या नव्हत्या." मग हसले. त्यांनी कधी पुन्हा तो विषय काढला नाही.

आता वाढपी मंडळी मघापासून ताटकळलीत. मला आग्रहानं इथंच जेवायला थांबवलंय आणि मी थांबणार आहे. माझ्याबरोबर आमच्या मंडळीतले चौघे आलेत, तेही थांबतील. कोणाशेजारी बसायचं ते तुम्ही सांगाल तसं.

काही अधिकउणं बोललो असेन तर पोटात घाला.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!